अकरा नंबरची टाकी

“छोट्या मॅडम सकाळपासून चौथ्यांदा माझ्या टाकीपाशी येऊन गेल्या,” तात्या म्हणाले. “बाटल्या भरभरून नेताहेत. त्या गटारात एवढं काय सापडलंय कुणास ठाऊक.”

“स्वतःच गटार म्हणता ना? मग कधीतरी धुवायची होती,” माळीणबाई म्हणाल्या.

“सोळा वर्षांत नाही धुतली. आता परीक्षेच्या दिवशी धुऊन काय होणार?”

माळीणबाईंना हसू आलं, पण हात थांबला नाही. पाच नंबरच्या टाकीवर वाकून त्या लांब दांड्याच्या पळीनं पाण्यावरचं शेवाळ काढत होत्या. दुधावरची साय काढावी तशी अलगद, खालचं पाणी जराही न ढवळता. पळी भरली की काचेच्या बरणीत रिकामी करायची. अशा अकरा बरण्या भरायच्या होत्या. या बरण्यांना तिथं सगळेच विरजण म्हणत. टाकीतलं पीक काढून झालं, नवं पाणी भरलं, की त्यात एक बरणी ओतायची, आणि दहा दिवसांत टाकी पुन्हा काठोकाठ हिरवी. बाकी कामं त्या कुणालाही सांगत, विरजण मात्र दुसऱ्याच्या हाती कधी दिलं नाही.

डोंगरापलीकडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला त्याला सतरा वर्षं होऊन गेली होती. तिथलं पाणी तलावात उतरलं, तलावाकाठची वस्ती एका दुपारीत उठवली गेली, आणि वर्षभरानं तलावाच्या टोकाला या बारा टाक्या बांधल्या गेल्या. काम ऐकायला सोपं होतं. तलावाचं पाणी पंपानं टाक्यांत घ्यायचं. शेवाळ त्या पाण्यातलं विष आपल्या अंगात ओढून घेतं. मग ते शेवाळ गाळायचं, दाबायचं, वाळवायचं, पिंपांत बंद करून दूरच्या खाणीत पाठवायचं, आणि पाणी परत तलावात सोडायचं. असं करत करत तलाव एक दिवस स्वच्छ होणार होता.

माळीणबाई पहिल्या दिवसापासून तिथं होत्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, जाड ॲप्रन, तोंडावर पट्टी, छातीवर बिल्ला. बिल्ला दर महिन्याला तपासायला जायचा आणि ठीक आहे असा निरोप घेऊन परत यायचा. गुडघे कुणी तपासत नव्हतं, आणि गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले होते. वयाची एकोणसाठ वर्षं पूर्ण व्हायला आली होती. पण टाक्या अशा राखल्या होत्या की पाहुणे आले की साहेब त्यांना आधी टाक्यांकडे आणत, ऑफिसकडे नंतर. टाक्यांच्या कडा घासलेल्या, जाळ्या धुतलेल्या, आणि आत शेवाळ असं की त्यावर हात फिरवावासा वाटावा. माळीणबाई हे नाव त्यातूनच पडलं होतं. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, तिथंच राहिलं.

अकरा नंबरची टाकी तेवढी त्यांची नव्हती. ती दाबयंत्राच्या शेडमागं, अर्धी सावलीत. दाबयंत्र तात्यांकडे, म्हणून ही टाकीही तात्यांच्या गळ्यात पडली. तात्या मनानं राजा माणूस, अंगानं आळशी. ते विरजण वगैरे काढायच्या भानगडीत पडत नसत. टाकी उपसताना तळाला वीतभर गाळ तसाच ठेवायचे आणि वरून पाण्याचा कॉक सोडून द्यायचे. उगवेल ते उगवेल. उगवायचं तेही पिवळट, मरगळलेलं, आजारातून उठलेल्या माणसासारखं. पाहुणे यायचे असले की माळीणबाई स्वतः जाऊन त्या टाकीवर ताडपत्री घालत. तात्यांना त्याचं काहीच वाटत नसे. उलट ते म्हणत, झाकलेलं बरं, नजर लागते.

“मावशी,” छोट्या मॅडमनी जिन्यावरून हाक मारली. “जरा वर येता का? बरण्या राहू द्या तशाच.”

त्या तपासनीस म्हणून येऊन तीनच महिने झाले होते. वयानं एवढ्या लहान की साहेबांच्या बाईंना मोठ्या मॅडम आणि यांना छोट्या मॅडम म्हणायची पद्धत आपोआपच पडली. आवाज नेहमी खणखणीत असायचा. आज तो तसा नव्हता, हे माळीणबाईंना पळी खाली ठेवतानाच जाणवलं.

वर प्रयोगशाळेत टेबलावर बारा छोट्या थाळ्या मांडल्या होत्या, प्रत्येकीत वाळलेल्या शेवाळाची चिमूट. शेजारी मोजणी यंत्र.

“बसा मावशी.”

“बसले की उठायला त्रास होतो. काय ते सांगा.”

छोट्या मॅडमनी पाच नंबरची थाळी यंत्राखाली सरकवली. यंत्र टिक म्हणालं. बऱ्याच वेळानं पुन्हा टिक म्हणालं.

“कमीच आहे की,” माळीणबाई म्हणाल्या. “चांगलं झालं.”

“मावशी, पाण्यात कमी असलं तर चांगलं. शेवाळात कमी असलं म्हणजे…” त्या थांबल्या. “म्हणजे शेवाळानं ते घेतलंच नाही. पाण्यातच राहिलं.”

मग त्यांनी सहाची थाळी ठेवली, मग सातची, मग आठची. टिक. टिक. एक एक करून सगळ्या झाल्या. शेवटी अकराची ठेवली, आणि यंत्रानं पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू केला. छोट्या मॅडमनी थाळी लगेच बाजूला घेतली.

“तात्यांची?”

“तात्यांची. तुमच्यापेक्षा पन्नास पटीनं जास्त.”

माळीणबाई खुर्चीवर बसल्या.

आजवर हे कुणी असं एकेक करून मोजलं नव्हतं. वर्षातून एकदा बाराही टाक्यांचं थोडं थोडं शेवाळ एका बादलीत कालवून शहरात जायचं, आणि तिथून जो आकडा यायचा तो गेली काही वर्षं घसरत होता. त्यावर दर वेळी नवं कारण निघे. पंप जुना झाला, तळाचा गाळ वर येतोय, यंत्र बदललंय. इथं मोजलं जायचं ते पिंपांचं वजन, आणि ते दरवर्षी वाढत होतं. अहवालात वजनाचा तक्ता पहिल्या पानावर असे आणि तो पाहून सगळे खूश असत. छोट्या मॅडमना ही पद्धत कुणी समजावून सांगितली नव्हती, म्हणून त्यांनी बारा टाक्या बारा वेळा मोजल्या.

“सुरुवातीला सगळ्या टाक्यांत एकच वाण होतं,” त्या सांगू लागल्या. त्या टेबलाकडे बघत बोलत होत्या. “जे शेवाळ विष ओढून घेतं ना, त्याच्या पोटात त्याचे चुन्यासारखे कण होतात. मग ते जड होतं आणि तळाला बसतं. वाढतंही सावकाश. जे घेत नाही ते हलकं राहतं. वर तरंगतं, भराभर वाढतं.” मग त्यांनी विचारलंच. “मावशी, तुम्ही विरजण कुठून घेता?”

उत्तर दोघींनाही माहीत होतं. बरण्या खाली कट्ट्यावर उन्हात ठेवलेल्या होत्या, खिडकीतून दिसत होत्या.

“वरून,” माळीणबाई म्हणाल्या.

“नेहमीच?”

“नाही. आधी ढवळून मधलं घ्यायचे. पुस्तकात तसंच होतं. मग एका थंडीत सगळं मेलं. मधलं घेतलेलं काही धरेना, तेव्हा मी वरचं वरचं घेऊन बघितलं. ते काय फोफावलं म्हणता! साहेब बघायला आले होते.” त्या थोडं थांबल्या. “खालचं मला मेलेलं वाटायचं. ते मी दर वेळी घासून काढायचे. तळ अगदी लख्ख.”

“किती वर्षं झाली?”

“सात.”

छोट्या मॅडमनी काही लिहून घेतलं नाही. पेन हातात होतं ते त्यांनी मिटून ठेवलं.

सात वर्षं. फाटकावरच्या फळ्यावर तलावाच्या पाण्यातल्या विषाचा आकडा खडूनं लिहिलेला असे. पहिल्या वर्षी तो नऊशेच्या वर होता. तो तिसावर आला की काठची वस्ती उघडणार होती. नऊ वर्षांत तो ऐंशीपर्यंत उतरला, आणि मग पाय अडकल्यासारखा तिथंच थांबला. ऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी. माळीणबाई दर सोमवारी फळ्यासमोरून जात आणि त्या पंपाला मनातल्या मनात शिव्या देत.

त्या काठच्या वस्तीत त्यांचं घर होतं. त्यांच्या नवऱ्यानं, मिस्त्रींनी, स्वतःच्या हातानं बांधलेलं. मिस्त्री पेशानं सुतार. दुसऱ्यांची दारं-खिडक्या करून उरलेल्या वेळात आठ वर्षं लावून त्यांनी ते उभं केलं आणि चौदा वर्षं त्यात राहिले. आता ते दोघं निर्वासितांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होते, आणि मिस्त्रींचं हृदय जिने उतरायला परवानगी देत नव्हतं. डॉक्टरांनी माळीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, दोन वर्षं काढली तरी नशीब समजा. आकडा फळ्यावर सोमवारीच बदलायचा. मिस्त्री मात्र रोज विचारायचे.

“मी त्यांना दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणून सांगत आलेय,” माळीणबाई एकदम म्हणाल्या.

“कुणाला?”

“कुणाला नाही.”

त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. पाण्यावर वाकून वाकून ज्या शेवाळाचे लाड केले, ते सात वर्षं नुसतं सूर्यप्रकाश खाऊन माजलं होतं. आणि जे बिचारं काम करत होतं, विष पोटात घेऊन तळाला जात होतं, त्याला त्यांनीच मेलेलं समजून घासघासून बाहेर काढलं होतं. हे कुणा कामचुकार माणसाकडून झालं नसतं. झालंच नव्हतं, तात्यांची टाकी समोर होती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सात वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?” त्यांनी विचारलं. मग त्या कुणाच्यामध्ये आपणही येतो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी चष्मा पुन्हा घातला. ते मनानं वाईट नव्हते. चौकशी म्हटलं की त्यांना ॲसिडिटी व्हायची, एवढंच.

“अकराच्या गाळातून पुन्हा सगळ्या टाक्या लावता येतील,” छोट्या मॅडम म्हणाल्या. “आज तीन, बाकीच्या महिन्याभरात. आकडा उतरेल, सर. पण ऐंशीवरून तिसावर यायला सहा वर्षं तरी जातील. सातही.”

“हं.” साहेबांनी कागद पुढं ओढला. “मग असं लिहू. वाण कालांतराने क्षीण झाले असून नव्या वाणाची लागवड हाती घेण्यात येत आहे. नाव कुणाचं घालायचं कारण नाही. माळीणबाई, पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. उगाच शेवटी शेवटी कशाला डोक्याला ताप.”

“नाव नका घालू,” माळीणबाई म्हणाल्या. “पण विरजण वरून घेत होते, हे लिहा.”

“त्यानं काय होणार?”

“माझ्यानंतर जी कुणी येईल ना साहेब, ती पण वरूनच घेईल. मी काही वेडी नव्हते. वरचंच चांगलं दिसतं.”

“अहो, पण असं लिहिलं म्हणजे नाव आलंच की. विरजण दुसरं कोण घेत होतं?”

“मग येऊ दे.”

साहेब छोट्या मॅडमकडे बघायला लागले. छोट्या मॅडम खिडकीकडे बघत होत्या.

“आणि पलीकडच्या काठाला फोन करा,” माळीणबाई दाराशी जाऊन थांबल्या. “त्यांच्या सहा टाक्यांना विरजण मीच दिलंय. चार वर्षांपूर्वी त्यांनी मागितलं, तर मी स्वतः बसनं घेऊन गेले होते. सांडू नये म्हणून सगळा रस्ता डबा मांडीवर धरला.”

खाली येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं, तर कट्ट्यावरच्या अकरा बरण्या एकेक करून दाबयंत्राच्या हौदात ओतल्या. शेवटची ओतताना तात्या तिथंच उभे होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. एरवी वर्षभर पुरेल एवढी थट्टा हातात आली होती, आणि त्यांना ती करवत नव्हती.

“बाई,” ते म्हणाले, “मी आळशी माणूस आहे हो. मला काही ठाऊक नव्हतं.”

“मला तरी कुठं ठाऊक होतं?”

“साहेब मला म्हणाले, शाबास. मी म्हटलं, असं बोलू नका, मला लाज वाटते.”

“वाटू द्या थोडी. सोळा वर्षांत वाटली नाही,” माळीणबाई म्हणाल्या, आणि तात्यांच्या चेहऱ्यावर जरा जीव आला.

दुपारभर त्यांनी मिळून पाच, सहा आणि सात नंबरच्या टाक्या उपसल्या. तात्यांनी त्या दिवशी एकदाही पाठ टेकली नाही. पंपानं शेवाळ जाळीवर ओढायचं, जाळी भरली की दोघांनी दोन टोकं धरून उचलायची, हौदात झटकायची. एवढं घट्ट पीक होतं की जाळी उचलताना खांद्यातून कळ येत होती. एवढ्या जोमानं वाढवलेलं पीक, पण ते माळीणबाईंना आजच्याइतकं जड कधी लागलं नव्हतं. टाकी रिकामी झाली की त्या सवयीनं ब्रश घेऊन तळ घासायला उतरत, आणि मग आठवे की आता घासायचं नाही. तशाच वर येत.

मग अकरा नंबर. ताडपत्री काढली. तात्यांनी वरचं पाणी सोडलं आणि तळाचा पिवळा गाळ उघडा पडला. छोट्या मॅडमनी हातमोजे दुहेरी घालायला लावले, कारण या गाळात विष खरोखरच साठलेलं होतं. तीन बादल्या भरल्या. पाच नंबरमध्ये नवं पाणी भरून पहिली बादली ओतली तेव्हा ती सरळ तळाला गेली आणि पाण्यावर काहीच दिसेना. नुसत्या पाण्याची टाकी आणि ही टाकी यांत फरक सांगता आला नसता.

“दिसायला महिना लागेल,” छोट्या मॅडम म्हणाल्या.

“दिसलं नाही तरी चालेल,” माळीणबाई म्हणाल्या.

निघताना नेहमीप्रमाणे अंघोळ, कपडे बदलणं, मग दाराशी असलेल्या तपासणी यंत्रावर उभं राहून हातपाय तपासून घेणं. यंत्रानं हिरवा दिवा लावला. ठीक आहात, जा. माळीणबाई थोडा वेळ त्यावरच उभ्या राहिल्या. मागची बाई म्हणाली, मावशी, झालं तुमचं.

तीन मजले चढताना त्यांनी ठरवलं होतं की आज काही सांगायचं नाही. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबल्या तेव्हाही ते नक्की होतं. मिस्त्री पलंगावर पाठीशी दोन उशा घेऊन बसले होते. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची, तीच बघत.

“आकडा?”

“गुरुवार आहे आज.”

“असू दे. किती?”

“एक्क्याऐंशी.” त्यांनी पिशवी खाली ठेवली. तोंड फिरवून चपला काढत असताना, चेहरा दिसत नव्हता म्हणून, त्यांच्या तोंडून निघून गेलं. “तो उतरत नव्हता ना, ते माझ्यामुळं.”

मग माळीणबाईंनी सगळं सांगितलं. पळी, बरण्या, वरचं, तळाचं, तात्यांची टाकी, यंत्राचा आवाज. सांगताना त्या उभ्याच होत्या, शाळेत उभं केल्यासारख्या. मिस्त्रींनी दोनच प्रश्न विचारले. पहिला, हे जड होतं ते कशानं. ते त्यांना नीट समजलं तेव्हा त्यांनी मान हलवली. दुसरा होता, “पुढं किती?”

“सहा वर्षं. कदाचित सात.”

मिस्त्रींनी मनात बेरीज केली. आयुष्यभर लाकडाची मापं घेतलेला माणूस, त्याला बेरजेला वेळ लागत नसे. माळीणबाईंनी ते सगळं त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं आणि आपण जीभ चावून गप्प का बसलो नाही असं त्यांना झालं.

“मला कशाला सांगितलंस?” ते म्हणाले. रागावून नाही, थकून.

“मग कुणाला सांगू?”

मिस्त्रींनी भिंतीकडं तोंड केलं. माळीणबाई आत गेल्या, हात धुतले, दिवसभरात आधीच सहा वेळा धुऊन झालेले. स्वयंपाक केला. ताट वाढून आणलं तेव्हा ते तसेच होते. “जेवून घ्या, गोळी घ्यायचीये,” असं त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, आणि नेहमीच्या आवाजाला माणूस नेहमीसारखंच उत्तर देतो, तसे मिस्त्री उठून बसले. निम्मं जेवले. गोळी घेतली. माळीणबाईंनी ताट उचललं.

“तू तेव्हा सहासष्टची होशील,” मिस्त्री म्हणाले.

“हो.”

“गुडघे टिकले पाहिजेत.”

“टिकतील.”

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. बाहेर उजेड अजून पुरता गेला नव्हता. समोरच्या खिडकीत कुणीतरी कपडे आत घेत होतं.

“मागचं दार आहे ना,” ते म्हणाले, “ते सरळ ओढायचं नाही. किंचित वर उचलायचं, मग ओढायचं. दमट हवेत फुगतं ते. जोर केलास तर बिजागरी निखळेल.”

माळीणबाई ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ते दार त्यांनी चौदा वर्षं रोज पहाटे उघडलं होतं. ते उचलून उघडावं लागतं हे त्यांनीच मिस्त्रींना सांगितलं होतं, आणि किती वेळा सांगूनही मिस्त्रींनी ते दुरुस्त केलं नव्हतं.

“बरं,” त्या म्हणाल्या.

“माळ्यावर जायचा जिना. तिसऱ्या पायरीवर उजवीकडं पाय नाही ठेवायचा. मधोमध ठेव. आणि कुणाकडून तरी तिला एक पट्टी मारून घे. खिळे नको, स्क्रू म्हणावं.”

“स्क्रू.”

“तुला एकटीला सगळं नाही जमायचं. पुढची खोली आणि स्वयंपाकघर, तेवढंच उघड आधी. बाकीचं सावकाश.” त्यांना दम लागला होता. ते थांबले. “लक्षात राहील ना?”

“राहील.”

माळीणबाईंनी ताट जमिनीवर ठेवलं आणि गुडघ्यांना हात देत पलंगाच्या कडेला बसल्या, त्या घरात कधी राहिलेल्याच नसलेल्या बाईसारख्या.

“आणि खिडक्यांचं कसं?” त्यांनी विचारलं. “त्या कशा उघडायच्या?”

मिस्त्रींनी उशी जरा वर सरकवली आणि ते खिडक्यांचं सांगू लागले.